अवकाशातला कच्चा माल

दर दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रांत एक बातमी झळकते: अमक्या अशनीत किंवा तमक्या धूमकेतूवर जीवसृष्टीचे घटक सापडले. बातमी खोटी नसते. पण दर वेळी ती पहिल्यांदाच घडल्याच्या थाटात छापली जाते आणि आठवड्याभरात विरून जाते. १९७०, २००९, २०१६, २०२३, २०२५ या सालांच्या बातम्या एकापुढे एक मांडल्या की वेगळेच चित्र दिसू लागते. अवकाशात हे घटक तयार होतात का, हा प्रश्न आता जवळजवळ निकालात निघाला आहे. होतात, आणि भरपूर होतात. पंचाईत झाली आहे ती या भरपूरपणामुळेच. तिथे इतके काही तयार होते की त्यातले मोजके रेणू जीवसृष्टीने का उचलले, याचे उत्तर अवकाशाकडे पाहून मिळत नाही.

घटक म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या शरीरातली प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. डीएनए आणि आरएनए मिळून पाच बेस, म्हणजे पाच ‘अक्षरे’, वापरतात आणि त्यांना जोडायला साखर व फॉस्फेट लागते. पेशीच्या आवरणाला स्निग्ध रेणू लागतात. हा सगळा खटाटोप मुख्यतः हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन आणि नायट्रोजन या चौघांवर चालतो. विश्वातल्या विपुल मूलद्रव्यांच्या यादीत हीच चार वरच्या जागांवर आहेत. त्यांच्या पंगतीला हेलियम आणि निऑनही बसतात, पण ते कोणाशी संयोग पावत नाहीत. तेव्हा कच्च्या मालाची ददात कुठेच नाही.

मग पृथ्वी सोडून वर पाहायची वेळ का आली? १९२०च्या दशकात रशियात ओपारिन आणि इंग्लंडात जे. बी. एस. हाल्डेन यांनी आदिम समुद्रात रसायनांचे पातळ सार तयार झाले असावे, अशी कल्पना मांडली. (हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले, इथले नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९५३मध्ये शिकागोत हॅरॉल्ड युरी यांचा विद्यार्थी स्टॅन्ले मिलर याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या उपकरणात कोंडून त्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांनी त्या पाण्यात अमिनो आम्ले मिळाली. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. मात्र पुढे भूशास्त्रज्ञांचा कल असा झाला की आदिम पृथ्वीच्या हवेत मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचेच प्राबल्य असावे. त्या हवेत मिलरचा प्रयोग करून पाहिला तर हाती फारसे लागत नाही. माल इथे कमी पडत असेल तर तो बाहेरून आला असेल का, हा विचार त्यातूनच बळावला. जोन ओरो यांनी १९६०च्या सुमारास हायड्रोजन सायनाइड आणि अमोनियापासून अ‍ॅडेनीन बनवून दाखवले होते. अ‍ॅडेनीन हे डीएनएतल्या चार अक्षरांपैकी एक आणि हिशेबाने पाहिले तर ते म्हणजे हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू. जीव घेणारे हे विष धूमकेतूंमध्ये असते. धूमकेतूंनीच हा माल पृथ्वीवर आणून टाकला असावा, असे ओरो यांनी १९६१मध्ये सुचवले.

तोपर्यंत बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ताऱ्यांमधल्या पोकळीत मोठे रेणू असतील असे वाटत नव्हते. तिथला वायू अतिविरळ, त्यावर ताऱ्यांच्या अतिनील किरणांचा मारा; रेणू जुळणार कधी आणि टिकणार कसे? रेडिओ दुर्बिणींनी हा समज तीन वर्षांत मोडीत काढला. १९६८मध्ये अमोनिया सापडला, १९६९मध्ये पाणी आणि फॉर्माल्डिहाइड, १९७०मध्ये कार्बन मोनॉक्साइड. रेणू गिरकी घेताना ठरावीक लहरींवरच ऊर्जा सोडतो. त्या लहरी प्रयोगशाळेत आधी मोजून ठेवल्या की आकाशातला रेणू ओळखता येतो. आज ही यादी ३००च्या पलीकडे गेली आहे. यातले कित्येक रेणू आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या ‘सॅजिटेरियस बी२’ या सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूरच्या मेघात सापडले. २००० साली तिथे ग्लायकोलाल्डिहाइड दिसले, शर्करेचा अगदी साधा भाऊबंद. २००९मध्ये इथाइल फॉर्मेट मिळाले. रासबेरीच्या चवीत त्याचा वाटा असतो, म्हणून वृत्तपत्रांनी आकाशगंगेच्या गाभ्याला रासबेरीची चव असल्याचे छापून टाकले. २०२१मध्ये त्याच परिसरात इथेनॉलअमाइन सापडले. पेशीच्या आवरणातल्या एका महत्त्वाच्या स्निग्ध रेणूचा तो शेंडा असतो. माझ्या मते हा शोध रासबेरीपेक्षा कितीतरी मोलाचा, पण त्याच्या वाट्याला तेवढे मथळे आले नाहीत.

सर्वांत साधे अमिनो आम्ल, ग्लायसीन, मात्र या मेघांत अजून पक्के सापडलेले नाही. २००३मध्ये ते सापडल्याचा दावा झाला, दोन डझनांहून अधिक रेषा पुराव्यादाखल दिल्या गेल्या आणि २००५मध्ये दुसऱ्या गटाने तो दावा खोडून काढला. यात नवल नाही. रेणू जितका मोठा, तितकी त्याची ऊर्जा अनेक लहरींवर विखुरते. प्रत्येक रेषा फिकी पडते आणि शेजारच्या रेणूंच्या गर्दीत हरवते. मेघांत ग्लायसीन नाही असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल, कारण रेडिओ दुर्बिणीला दिसतो फक्त वायू आणि खरे रसायनकाम चालते बर्फात.

हे बर्फातले काम जवळून पाहण्याजोगे आहे. वृषभ राशीतल्या काळ्या मेघासारखे मेघ घ्या. आतले तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास. एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम दहा हजार रेणू; प्रयोगशाळेतली नेहमीची निर्वात पोकळीही याहून दाट असते. या वायूत धुळीचे कण तरंगत असतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. आत सिलिकेट किंवा काजळी, वर पाण्याच्या बर्फाचा थर आणि त्यावर गोठून बसलेला कार्बन मोनॉक्साइड. अशा कणावर हायड्रोजनचा सुटा अणू साधारण दिवसाला एखादा येऊन आदळतो. तो कणावर इकडेतिकडे घरंगळतो आणि कार्बन मोनॉक्साइडला गाठतो. या दोघांच्या संयोगाच्या आड ऊर्जेचा बांध असतो आणि इतक्या थंडीत तो ओलांडायची ताकद कोणातच नसते. पण हायड्रोजन इतका हलका की पुंजभौतिकीच्या नियमांनुसार तो बांधावरून न जाता आरपार निघून जातो. एक अणू जुळला, दुसऱ्या दिवशी दुसरा, मग तिसरा आणि चौथा. कार्बन मोनॉक्साइडचे फॉर्माल्डिहाइड होते, फॉर्माल्डिहाइडचे मिथेनॉल. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी या शतकाच्या सुरुवातीला ही साखळी प्रयोगशाळेतल्या बर्फावर घडवून दाखवली. वायुरूपात मिथेनॉल एवढ्या प्रमाणात बनूच शकत नाही, म्हणून हा मार्ग महत्त्वाचा. वाटेत तयार होणारे अर्धवट रेणू एकमेकांना भेटले तर ग्लायकोलाल्डिहाइडसारखे मोठे रेणूही बनतात. घाई कोणालाच नसते. मेघाचे आयुष्य लाखो वर्षांचे, दिवसाला एक अणू आला तरी चालतो.

बर्फावर अतिनील किरण पडले तर काय होते, ते २००२मध्ये दोन गटांनी तपासले, एक नासाच्या एम्स केंद्रातला आणि दुसरा नेदरलँड्समधल्या लायडनचा. पाणी, मिथेनॉल, अमोनिया वगैरेंचा अतिथंड बर्फ त्यांनी किरणांखाली ठेवला आणि मग तापवला. तळाशी उरलेला पिवळसर राप आम्लात उकळल्यावर लायडनच्या गटाला सोळा अमिनो आम्ले मिळाली. २०१६मध्ये अशाच रापात आरएनएची साखर, रायबोज, सापडली. आम्लात उकळण्याची पायरी मला खटकते. ती वगळली तर अमिनो आम्ले हाती येतात ती थोडीच. बाकीची उकळताना मोठ्या रेणूंतून सुटून येतात. मेघात हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन कोणी उभे नसते. तरी हा बर्फ कल्पनेतला राहिलेला नाही: जेम्स वेब दुर्बिणीने २०२४मध्ये जन्म घेणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल, असेटाल्डिहाइड आणि मुंगीच्या दंशातले फॉर्मिक आम्ल यांच्या खुणा टिपल्या.

दुसरा कारखाना लघुग्रहांच्या पोटात. सूर्यमाला घडत असताना तिच्यात अॅल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी समस्थानिक होते. सुमारे सात लाख वर्षांत ते निम्मे होते आणि तोवर उष्णता देत राहते. त्या उबेने खडकांत मिसळलेला बर्फ आतून वितळला आणि त्यांच्या भेगांतून पाणी झिरपू लागले. पाणी, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड आणि अल्डिहाइड एकत्र आले की अमिनो आम्ले बनतात, हे अ‍ॅडॉल्फ स्ट्रेकर यांनी १८५०मध्येच दाखवले होते.

याचा पहिला भक्कम पुरावा २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावावर पडला. शंभरेक किलो तुकडे गोळा झाले. योगायोग असा की नासाच्या एम्स केंद्रात चंद्रावरच्या खडकांसाठी अतिस्वच्छ प्रयोगशाळा नुकतीच सज्ज झाली होती. कीथ क्वेनवोल्डन आणि सहकाऱ्यांनी, त्यांत श्रीलंकेत जन्मलेले आणि मद्रासला शिकलेले सिरिल पोन्नम्पेरुमाही होते, १९७०मध्ये या अशनीतली अमिनो आम्ले जाहीर केली. त्यांतली काही पृथ्वीवरच्या प्रथिनांत नसतातच, त्यामुळे हाताच्या घामाचा संशय उरला नाही. हा संशय पोकळ नव्हता. फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्गेल अशनीच्या एका तुकड्यात बिया आणि कोळशाचे कण डिंकाने चिकटवलेले असल्याचे तब्बल शंभर वर्षांनी उघड झाले होते. लबाडी कोणाची, ते कळले नाही.

मर्चिसनच्या पुढच्या तपासण्यांनी चक्रावून टाकले. अमिनो आम्लांचे प्रकार सत्तरच्या वर गेले. २०१०मध्ये त्यात किमान १४ हजार वेगवेगळी रेणुसूत्रे मोजली गेली. ठरावीक संख्येचे कार्बन अणू जितक्या तऱ्हांनी जोडता येतील, जवळपास तितक्या तऱ्हा तिथे हजर. आणि कार्बनची साखळी वाढेल तसे प्रमाण उतरत जाते. निवड न करता होणाऱ्या रसायनक्रियेची ही अचूक खूण.

तरीही अशनी पृथ्वीच्या हवेतून, मातीतून हाताशी येतो. म्हणून थेट लघुग्रहावरूनच माती आणायचे ठरले. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२०मध्ये रियुगूची ५.४ ग्रॅम माती आणली आणि २०२३मध्ये तीत युरॅसिल हा आरएनएतला बेस सापडल्याचे जाहीर झाले. नासाच्या ओसायरिस-रेक्सने २४ सप्टेंबर २०२३ला बेन्नूचे १२१.६ ग्रॅम युटाच्या वाळवंटात उतरवले. ह्यूस्टनमध्ये नायट्रोजनने भरलेल्या पेटीत डबा उघडायला घेतला तर झाकणाच्या ३५ स्क्रूंपैकी दोन हलेनात. त्यासाठी वेगळी हत्यारे बनवावी लागली आणि जानेवारी २०२४ उजाडला. पुढची तपासणी वरवर साधी वाटते. काळ्या भुकटीची चिमूट काचेच्या नळीत, अतिशुद्ध पाण्यासह, नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद. मग शंभर अंशांवर चोवीस तास. उतरलेल्या अर्कातले रेणू एकेक करून वेगळे काढायचे.

जानेवारी २०२५मध्ये निकाल आला. ३३ अमिनो आम्ले, त्यांत आपल्या विसांपैकी १४. डीएनए-आरएनएचे पाचही बेस. नायट्रोजन असलेल्या रेणूंचे सुमारे दहा हजार प्रकार. अमोनिया मर्चिसन आणि रियुगूपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे बेन्नूचा मूळ पिंड सूर्यापासून इतका दूर जन्मला असणार की तिथे अमोनियाही गोठून राहिला. डिसेंबर २०२५मध्ये रायबोज आणि ग्लुकोज यांचीही भर पडली. माझ्या लेखी मात्र यापेक्षा मोठी बातमी त्याच जानेवारीत आलेल्या खनिजांच्या दुसऱ्या निबंधात होती. बेन्नूच्या मातीत खारे पाणी आटत गेल्यावर एकामागून एक बसणारे क्षार मिळाले: कार्बोनेट, फॉस्फेट, मीठ आणि ट्रोना. ट्रोना म्हणजे सोड्याचाच एक प्रकार, पापडखाराच्या कुळातला. लोणारच्या सरोवरासारख्या सोड्याच्या पाण्यात असेच क्षार बसतात. पाणी आटले की त्यातले रेणू घट्ट होतात, एकमेकांच्या जवळ येतात. समुद्रात पातळ झालेल्या साराची जी अडचण होती, ती या भेगांतल्या खाऱ्या पाण्याला नव्हती.

धूमकेतूंबद्दल थोडक्यात: स्टारडस्ट यानाने २००६मध्ये विल्ड-२ची धूळ आणली, तिच्यातल्या ग्लायसीनवर २००९मध्ये शिक्कामोर्तब झाले, रोसेटा यानाने चुर्युमोव-गेरासिमेंकोच्या भोवती ग्लायसीन आणि फॉस्फरस दोन्ही टिपले, ते २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. या मालातला किती पृथ्वीवर पोचला, याचा अंदाज आजच्या आवकीवरून थोडाफार येतो. अंटार्क्टिकाच्या बर्फातून चाळून काढलेल्या कणांवरून दर वर्षी सुमारे ५,२०० टन सूक्ष्म अशनी जमिनीवर उतरतात असे दिसते. सुरुवातीच्या काळात हा पाऊस याहून बराच जोरदार असणार.

आता खरा गुंता. अमिनो आम्ले हातांसारखी असतात, डावी आणि उजवी. जीवसृष्टी प्रथिनांत फक्त डावी वापरते. १९९७मध्ये मर्चिसनमधल्या काही अमिनो आम्लांत डाव्यांचे पारडे थोडे जड असल्याचे दिसले. पुढे त्यांतल्या आयसोव्हॅलीनमध्ये तर हा फरक १८ टक्क्यांच्या घरात गेला. १९९८मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश सापडला, आणि असा प्रकाश एका हाताचे रेणू जास्त मोडू शकतो. सगळे छान जुळत होते: डाव्याची निवड अवकाशातच झाली, आपण ती फक्त पुढे चालवली. बेन्नूने या मांडणीला धक्का दिला. तिथे डावे-उजवे जवळपास समसमान आहेत. रियुगूतही तेच. कदाचित पाण्याच्या संपर्कात स्फटिक बनताना मर्चिसनमध्ये लहानसा फरक वाढत गेला असेल. काहीही असो, एवढ्या आधारावर डाव्या हाताचे श्रेय आकाशाला देणे मला आता अवघड वाटते.

इथे एक गल्लत टाळायला हवी, विशेषतः आपल्याकडे. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने जानेवारी २००१मध्ये हैदराबादहून इस्रोच्या उपकरणांसह एक फुगा सोडला गेला होता. ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने त्याने आणले. २००५च्या दुसऱ्या उड्डाणात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचे नाव दिले गेले. हे जीव अवकाशातूनच आले असे त्यावरून ठरले नाही, आणि इस्रोनेही तसा दावा केला नाही. तो प्रश्न जिवंत सूक्ष्मजीव आकाशातून येतात का, असा होता. अमिनो आम्ल येणे आणि जिवाणू येणे यांत सारे जीवशास्त्र पडलेले आहे. बेन्नूच्या बातम्यांखाली, जीव आकाशातून येतात असे मांडणारे हॉयल-विक्रमसिंघे बरोबर ठरल्याच्या प्रतिक्रिया दिसतात, त्या म्हणूनच चुकतात.

बेन्नूच्या मूळ पिंडात ऊब होती, पाणी होते, अमोनिया, बेस, साखर, फॉस्फेट होते, आणि तरी तिथे कशाचीही साखळी जुळून पुढे गेल्याचे दिसत नाही. मग तिथे उणीव कशाची होती? अॅल्युमिनियमची उष्णता काही दशलक्ष वर्षांत संपली हे एक. पण उन्हात वाळणे आणि पुन्हा भिजणे हे चक्र तिथे कधीच नव्हते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतले डेव्हिड डीमर यांनी १९८५मध्ये मर्चिसनमधून काढलेले स्निग्ध रेणू पाण्यात टाकले आणि त्यांचे पेशीच्या आवरणासारखे पोकळ फुगे आपोआप बनले. उत्साहाने ते कामचाटकातल्या ज्वालामुखीजवळच्या एका उष्ण डबक्यापाशी गेले आणि अमिनो आम्ले, बेस, फॉस्फेट, स्निग्ध आम्ल असे सारे मिश्रण त्यात ओतले. थोडा फेस आला. मग सगळे रेणू तळच्या चिकणमातीला चिकटून बसले.

प्रयोगशाळेत मात्र भिजवा-वाळवा चक्राने काम पुढे गेले. डीमर यांच्या गटात सुधा राजमणी यांनी २००८मध्ये स्निग्ध थरांच्या आधाराने आरएनएसारख्या साखळ्या बनवून दाखवल्या. त्या आता पुण्याच्या आयसरमध्ये याच प्रश्नावर काम करतात. तिथल्या त्यांच्या गटाने या साखळ्या बारकाईने तपासल्या तेव्हा कळले की साखर-फॉस्फेटचा कणा टिकतो, पण अनेक ठिकाणचे बेस गळून पडलेले असतात. आजची पाच अक्षरे या प्रयोगांतल्या आम्लधर्मी, उष्ण पाण्यात नीट तग धरत नाहीत. त्यांच्याआधी आणखी चिवट अक्षरे असतील का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला, आणि तो पुन्हा अशनींपाशी येतो. २०११मध्ये अशनींतल्या बेसांची छाननी झाली तेव्हा अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन यांच्यासोबत २,६-डायअमिनोप्युरीनही निघाले होते. पृथ्वीवर आज ते काही मोजक्या विषाणूंमध्येच आढळते.